रानम्हशींचं शेण आणि ओकावांगोचं पाणी: प्रकल्प नोंदी

९ जानेवारी, माउन (बोट्स्वाना)

इथल्या आफ्रिकी रानम्हशींच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घालायचे नाहीत, हे आज पक्कं झालं. हिशेब मांडला आणि विषय तिथेच संपला. हेलिकॉप्टरचं भाडं ताशी हजारो पुला (एक पुला म्हणजे साधारण सहा रुपये), वन्यप्राण्यांचा पशुवैद्य, पट्ट्यांची किंमत, वर उपग्रहाचा मासिक खर्च. भूल द्यायला लागणारं एटॉर्फिन तर असलं जहाल की चुकून माणसाच्या अंगात गेलं आणि उतारा हाताशी नसला तर जिवावर बेततं. एवढं करून हाती लागतो एका म्हशीचा माग. ती म्हणजे कळप नव्हे. इथले कळप फुटतात, महिन्या-पंधरा दिवसांनी पुन्हा एकत्र येतात, सोबती बदलतात.

म्हणून शेण. ते फुकट मिळतं, जनावराला हात लावावा लागत नाही, आणि कोणत्या महिन्यात काय खाल्लं, खाल्लेल्यात कस किती होता (हे शेणातल्या नत्रावरून, म्हणजे नायट्रोजनवरून), हे दोन्ही त्यातून निघतं.

प्रश्न एवढाच: इथल्या रानम्हशी उपाशी कधी पडतात? आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात बहुतेक ठिकाणी उत्तर सोपं आहे, कोरड्या ऋतूच्या शेवटी. ओकावांगो नदीच्या इथल्या त्रिभुज प्रदेशात गणित उलटं. पाऊस पडतो तो अंगोलाच्या डोंगराळ भागात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. तिथून निघालेलं पाणी इतक्या सपाट जमिनीवरून येतं (अडीचशे किलोमीटरला जेमतेम ६० मीटर उतार) की माउनला पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे आभाळात ढगाचा ठिपका नसताना पूर. मग कोरड्या ऋतूत चारा असतो की नसतो?

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी पहिली सूचना: संशोधनाचा परवाना हातात पडेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. महिने लागतात.

२४ जानेवारी, मोरेमी अभयारण्याचं दक्षिण फाटक

माग काढायला ख्वाई गावाकडचे एक अनुभवी गृहस्थ मिळालेत. समोर मी त्यांना 'रा' म्हणते, इथे वडीलधाऱ्या पुरुषाला तसंच म्हणतात. या वहीत ते काका. शिवाय बंदूकधारी रक्षक. त्याच्याशिवाय गाडीतून पाय खाली ठेवायची परवानगी नाही, आणि असती तरी ठेवला नसता. कळपातल्या म्हशी माणूस दिसला की पळतात. कळप सोडून एकटे-दुकटे राहणारे म्हातारे रेडे पळत नाहीत. झुडपाआड चिखलात बसून राहतात आणि पुढची माहिती फार उशिरा देतात.

कळप शोधायला गायबगळे कामाला आले. गवत इतकं वाढलंय की तीनशे म्हशी त्यात बुडून जातात, पण वर पांढरे बगळे उठतात-बसतात ते दोन किलोमीटरवरून दिसतं.

आज मात्र नमुने जवळजवळ नाहीत. कारण शेणकिडे. कळप पुढे सरकेपर्यंत आम्ही थांबलो, तासाभराने तिथे गेलो, तर पो जागेवर नाहीत. म्हणजे आहेत, पण भुसभुशीत चोथा पसरलेला, खालची माती उकरलेली, आणि गोळे ढकलत निघालेली वरात. काही किडे गोळा करून पळवतात, काही पोच्या बरोबर खाली बीळ पाडून माल खाली ओढतात. एका ताज्या पोवर घड्याळ लावून बसले. दहाव्या मिनिटाला वरचा थर आतून हलायला लागला, चकाकी गेली, कडेने ओली माती वर आली. अर्ध्या तासात पो निम्मा.

यात खरी अडचण वेगळीच आहे. किडे ओला, बारीक, नत्रवाला भाग नेतात आणि धागे मागे ठेवतात. असा उरलेला चोथा नमुना म्हणून घेतला तर जानेवारीतली म्हैस वाळका कडबा खात होती असा निष्कर्ष निघेल, आणि आजूबाजूला तर कमरेएवढं हिरवं गवत.

उपाय: कळप पूर्ण जायची वाट पाहायची नाही. शेवटची जनावरं दीडशे-दोनशे मीटर पुढे गेली की गाडी सरळ त्या जागेवर न्यायची, रक्षक टपावर, आणि चमकणारे, माशा बसलेले, किड्यांनी न फोडलेले पोच घ्यायचे. प्रत्येक पोच्या मधून एक चमचा. दहा पोंचे दहा चमचे मिळून एक नमुना. एका कळपाचे शंभर पो म्हणजे शंभर स्वतंत्र नमुने नव्हेत, सगळ्यांनी एकच कुरण चरलेलं असतं. छोटे पो सोडून द्यायचे. दूध पिणाऱ्या रेडकांचा हिशेब वेगळा.

७ फेब्रुवारी

वाळवणाने पुरता पिच्छा पुरवला. नमुना ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, असं पद्धतीत लिहिलेलं असतं. भट्टी माउनला आणि आम्ही रेतीच्या वाटेने शंभरेक किलोमीटर लांब. कागदी पिशव्या तंबूत रांगेने ठेवल्या. पावसाची हवा, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. बुरशीने आतला नत्र खायला सुरुवात केली की तो नमुना फेकायच्या लायकीचा.

पुढची खेप पत्र्याच्या पेटीवर उघडी ठेवली, पेटी जमिनीवर. सकाळी पिशव्यांचे तळ गायब. वाळवी. शेण तर तिने नेलंच, पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्याही नेल्या, त्यामुळे जे वाचलं ते कोणत्या कळपाचं हेही कळेना. गेल्या आठवड्याचं काम असं मातीत गेलं.

आता जमलेली रीत: कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक जाळी लाकडी चौकटीवर ठोकली, चौकट दोऱ्यांनी झाडाला टांगली, दोऱ्यांना ग्रीस. जाळीवर नमुना थालीपीठासारखा पातळ थापायचा, वर सावलीसाठी कापड. थेट उन्हात नको. दुपारपर्यंत कडक होतो. मग पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, आणि चिठ्ठी आत एक, बाहेर एक. भट्टीतलं शेवटचं वाळवण माउनला गेल्यावर.

घरी आमच्याकडे म्हशी आहेत, गोवऱ्या थापण्यात माझं लहानपण गेलं. तरी हे सुचायला दोन खेपा वाया जाव्या लागल्या.

३ मार्च

मोठा कळप पूरमैदानावरून उठलाय. काकांच्या मते मोपाने झाडांच्या रानात गेला. पावसाळ्यात तिथल्या चिकणमातीच्या खळग्यांत पाणी साठतं. रानम्हशीला रोज पाणी लागतं, त्यामुळे हे खळगे भरले की कायमच्या पाण्यापासून लांबचं रान तिला खुलं होतं, आणि तिथलं गवत चवदार असतं. खळगे आटले की पुन्हा नदीकडे.

मागे जायचं तर उंच गवतातून गाडी घालावी लागते. इथे नवख्यांनी लक्ष द्या. गवताचं बी रेडिएटरच्या पुढच्या जाळीत इतकं गच्च बसतं की हवाच आत जात नाही. काटा लाल पट्ट्यात गेला तेव्हा थांबलो, बोनेट उघडलं, तर रेडिएटरवर फेल्ट चिकटवल्यासारखा थर. त्याहून वाईट म्हणजे खाली, सायलेन्सरच्या वरच्या बाजूला, वाळकं गवत कोंबलेलं. वास येत होता. अशाने गाड्या जळतात. आता रेडिएटरपुढे डासांची जाळी ताणून बांधली आहे, आणि तासा-तासाने एकाने खाली झोपून काठीने गवत काढायचं असा नेमच केलाय. टायरमधली हवा रेतीत कमी करायची हे सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही.

कळप दिसला नाही. डिझेल मात्र ठरल्याच्या दुप्पट.

२९ मार्च, माउन

सूक्ष्मदर्शकाचं काम सुरू. गवताच्या पानाची वरची त्वचा पोटातून बऱ्यापैकी शाबूत बाहेर येते. शेणाचा चिमूटभर भाग ब्लीचमध्ये उकळायचा, बारीक चाळणीवर धुवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात काचेवर पसरायचा, आणि दिसतील ते तुकडे ओळखत जायचं.

पहिल्या काचांवर काहीच दिसलं नाही. ब्लीच दुकानातलं, जिकची बाटली, आणि वेळ जास्त झाला. सगळ्या पेशी पारदर्शक होऊन गेल्या. वेळ कमी केला तर हिरवा गाळ उरतो आणि कडा दिसत नाहीत. प्रत्येक नव्या बाटलीला आधी एक वाया जाणारी काच करून वेळ ठरवायची, दुसरा इलाज नाही.

एकदा जमलं की मात्र मजा आहे. गवताच्या त्वचेत वाळूकणांसारखे सिलिकाचे बारीक दाणे असतात आणि त्यांचा आकार कुळाप्रमाणे बदलतो. पॅनिकम गवताच्या गोतावळ्यात डमरू, हरळीच्या गोतावळ्यात खोगीर. होय, आपलीच हरळी, गणपतीला वाहतो ती. इथे पूरमैदानाच्या कडेने हिचे गालिचे आहेत आणि म्हशी ते दातांनी जमिनीलगत कापतात. झाडाच्या पानाचा तुकडा आला तर ओळखायला काही लागतच नाही, त्याच्या पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींत अडकलेल्या.

यासाठी आधी संदर्भसंच हवा: प्रत्येक गवत हाताने उपटून, ओळख पटवून, त्याची काच. हे काम जानेवारीत, गवत तुऱ्यावर असताना करायला हवं होतं. आता अर्ध्या जातींचे तुरे झडले आहेत आणि नुसत्या पानांवरून ओळखताना वनस्पतीवाल्यांनीही हात टेकले.

१२ मे

कळप परत आला, खळगे आटले असणार. आज मोजदाद.

सबंध कळप उभा असताना मोजायचा प्रयत्न सोडा. बाहेरच्या दोन रांगा दिसतात, आतल्या पाठीमागे पाठी. ते रस्ता किंवा पाण्याची पट्टी ओलांडायला लागले की एका बाजूला गाडी लावायची, ऊन पाठीशी, वारा त्यांच्याकडून आपल्याकडे, आणि सरळ व्हिडिओ काढायचा. रात्री एकेक चित्र थांबवून वर्गवारी. शिंगं न फुटलेली रेडकं, सरळ खुंट आलेली वर्षाची पारडी, वगारी, मग मोठ्या म्हशी, आणि ज्यांच्या कपाळावर दोन्ही शिंगांचे बुंधे जुळून टणक टोप झालाय ते रेडे. म्हशीच्या शिंगांत तो टोप नसतो, मधे केस दिसतात. लांबून चुकायला होतं ते तरुण रेड्यांत. टोप अजून मऊ, मधोमध फट. शंका आली तर पोटाखाली पाहावं.

धुळीने कळपाचा शेवटचा तिसरा हिस्सा कॅमेऱ्यात पिवळा पडदा झाला. आणि नेमके रेडे बरेचदा मागे असतात. म्हणजे नरांचा आकडा कायम कमी येणार. तो तसाच कमी लिहायचा, अंदाजाने भर घालायची नाही.

रेडकांचंही तसंच. जन्म बहुतेक पावसाळ्यात, जानेवारीच्या आगेमागे. गाभणकाळ जवळजवळ साडेअकरा महिने, त्यामुळे चाऱ्याचा आणि विण्याचा मेळ चुकला की म्हशीचं वर्ष जातं. पण तेव्हा गवतात रेडकू दिसत नाही. आता दिसतं, तर मधल्या चार महिन्यांत किती सिंहांनी नेली ते कळायला मार्ग नाही. आकड्याला 'जन्मदर' म्हणायचं नाही, 'मेपर्यंत जगलेली' म्हणायचं.

टांझानियात मन्यारा सरोवराकाठी दिसलेली एक गोष्ट इथे पाहायची फार इच्छा होती. संध्याकाळी उठायच्या आधी माद्या एकेक करून उभ्या राहतात, एका दिशेला तोंड करून थांबतात, आणि बहुतेकींचं तोंड जिकडे तिकडे कळप जातो. मी तासन्‌तास बसले. गवतात उठलेली कोण आणि मुळातच उभी कोण, हेच कळत नाही. सोडून दिलं.

२१ जून

पाणी आलं. गाजावाजा काही नाही. कोरड्या नाळेत बोटभर जाडीची ओली जीभ पुढे सरकते, तिच्यापुढे काडीकचरा, मुंग्या, कोळी पळतात, आणि मागे बगळे ते टिपत येतात. काकांनी काठी रोवून दाखवली, चहा होईपर्यंत काठी पाण्यात.

दोन दिवसांत आमची नेहमीची वाट बंद. मोपानेच्या ओंडक्यांचे पूल अजून वर आहेत, पण पुलाकडे जाणारी वाटच पाण्याखाली गेली तर पुलाचा काय उपयोग. वळसा घालून तीन तास जास्त. नमुन्यांच्या ठरलेल्या तीन जागांपैकी एक या वर्षापुरती गेली.

पुढच्यांसाठी: जागा नकाशावर ठरवू नका, कळप ठरवा. पाणी इथे दर वर्षी वेगळ्या वाटेने, वेगळ्या प्रमाणात पसरतं. जागेला चिकटलात तर जुलैत बेडकांचा अभ्यास होईल.

४ जुलै, शोरोबेच्या पुढचं जनावरांचं कुंपण

वाळलेले नमुने घेऊन दक्षिणेला निघालो, फाटकावर थांबवलं. बरोबरच होतं त्यांचं. हे कुंपण रानम्हशींना गुरांपासून तोडण्यासाठीच आहे, १९८०च्या दशकात उभं राहिलं. लाळ्या-खुरकुताचे इथले विषाणू रानम्हशीच्या घशात वर्षानुवर्षं राहतात, तिला काही होत नाही, पण गुरांत गेले की बोट्स्वानाची युरोपला जाणारी गोमांसाची निर्यात थांबते. कच्चं मांस या फाटकातून दक्षिणेला नेता येत नाही, शेणाला तर पशुवैद्यकीय परवाना लागतोच. आमच्याकडे होता, पण त्यावर 'वाळलेले' असा शब्द नव्हता. दिवस गेला. परवान्यात नमुन्याची अवस्था, डब्यांचा प्रकार, कुठून कुठे, सगळं लिहून घ्या.

कुंपणाच्या आसपासचे नमुने मी यादीतून काढले. हत्ती कुंपण मोडतात, मग म्हशी बाहेर आणि गुरं आत. गाईचा पो आणि रानम्हशीचा पो नजरेने ओळखता येत नाही. काकांनीही तीनदा पाहून मान हलवली.

२६ ऑगस्ट

पाणी ओसरायला लागलंय आणि ओसरत्या कडेने हिरवी पट्टी फुटते आहे. हरळी आणि पॅनिकम रेपन्स, बोटभर उंचीचं. रानावर तांबूस धूळ, मोपानेची पानं तांबडी होऊन गळतायत, आणि या पट्टीत कळप मान खाली घालून. काचांवर डमरू आणि खोगीर दोन्ही भरपूर, गवताच्या पानाचे तुकडे जास्त, देठाचे कमी. या कळपाला ऑगस्टमध्ये उपासमार नाही.

काल इथेच सिंहांनी एक म्हातारी म्हैस पाडली. दिवसाउजेडी. बाकी कळप शंभर मीटरवर परतून चरत होता. नमुने घ्यायचे राहिले, रक्षकाने खाली उतरू दिलं नाही आणि वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

२ ऑक्टोबर, माउन

प्रयोगशाळेतून नत्राचे पहिले आकडे आले. वेडेवाकडे. एकाच कळपाच्या, एकाच दिवसाच्या दोन नमुन्यांत मोठा फरक. कारण वाळू. म्हशी गवत मुळालगत ओरबाडतात तेव्हा पोटात रेती जाते, चमच्यातही येते. वाळूचं वजन धरलं की नत्राचं प्रमाण आपोआप कमी दिसतं. सगळे नमुने ५५० अंशांवर जाळून राख वजा करावी लागली, आणि आकडे सेंद्रिय भागावर काढावे लागले. मग जोड्या जुळल्या. हे आधी ठरवलं असतं तर प्रयोगशाळेचा एक फेरा वाचला असता, आणि तो फेरा डिझेलनंतरचा सगळ्यात मोठा खर्च आहे.

३० ऑक्टोबर

ही नोंद नीट वाचा, बाकी वगळल्या तरी चालेल.

पुराच्या पट्ट्यापासून लांब, मोपानेच्या कडेला राहिलेल्या छोट्या कळपाचे नमुने सप्टेंबर-ऑक्टोबरचे आहेत. पारा चाळिशीला टेकलेला, जमिनीवर गवताचे खुंट. म्हशींच्या पाठीचे मणके दिसतात, ढुंगणाची हाडं वर आलेली. नत्राचा आकडा मात्र चांगला. पूरमैदानावरच्या गुबगुबीत कळपाच्या जवळपास. नुसता आकडा पाहिला असता तर लिहून मोकळी झाले असते की कोरड्या ऋतूत मोपानेच्या रानातही कस टिकून असतो.

मग त्याच नमुन्यांच्या काचा लावल्या. डमरू कमी, खोगीर कमी. वेड्यावाकड्या, अडकलेल्या पेशी जागोजाग. म्हशी झाडपाला खात होत्या. रानम्हैस मुळात गवत खाणारी, झाडाला तोंड लावते ते बहुधा गवत संपल्यावर. आणि झाडपाल्यात टॅनिन असतं. ते पोटात प्रथिनांना धरून बसतं, पचू देत नाही, आणि ती प्रथिनं तशीच शेणातून बाहेर येतात. शेणात नत्र जास्त दिसतो तो जनावराच्या अंगी लागला नाही म्हणून.

म्हणजे नत्राचा आकडा काचेशिवाय वाचायचा नाही. काचेवर झाडपाला ठरावीक प्रमाणाच्या वर गेला की तो नमुना नत्राच्या आलेखातून बाजूला काढायचा आणि वेगळ्या खुणेने दाखवायचा. किती प्रमाणाच्या वर, हे ठरवायला दोन्ही कळपांचे उरलेले नमुने पुन्हा पाहतेय. हाडांच्या खुणांवरून शरीराची अवस्था १ ते ५ गुणांत नोंदवण्याची सोपी रीत आहे, ती पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी. आमच्याकडे ती जुलैपासूनच आहे, त्यामुळे जानेवारी ते जूनचा भाग लंगडा.

१४ नोव्हेंबर

पहिला पाऊस झाला. शेणकिडे परत आले, काल अकरा वाजेपर्यंत एकही अख्खा पो मिळाला नाही. मोपानेकडचा कळप कालपासून दिसत नाही, काका म्हणतात खळग्यांकडे.

उरलेली कामं: टांगत्या चौकटींच्या दोऱ्यांना नवं ग्रीस, डासांची जाळी बदलायची, कागदी पिशव्या माउनहून मागवायच्या. तुरे आलेत तोवर गवतांचा संदर्भसंच पूर्ण करायचा, उद्या पहाटे साडेचारला निघायचं.